कातड्याची परीक्षा आणि दाखल्याची परीक्षा

‘षट्संयुजी क्रोमियमपासून मुक्त’ असा दाखला मिरविणारी पादत्राणे बाजारात मिळतात. दाखला प्रयोगशाळेचा, म्हणून तो निःशंकपणे मानावा अशी आपली वृत्ती असते. आम्हांला वाटते, दाखल्याचीही परीक्षा घ्यायला हवी.

आधी चाचणीचे गुण पाहू. जगातील बहुतेक चामडे क्रोमियम सल्फेटने कमावतात. त्यातील त्रिसंयुजी क्रोमियम कातड्यातील कोलॅजेनचे तंतू एकमेकांना बांधून ठेवते. ते फारसे उपद्रवी नाही. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन षट्संयुजी क्रोमियम बनले, तर मात्र त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत कोरड्या वजनाच्या किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. चाचणीत चामड्याचे बारीक तुकडे सुमारे ८ सामूच्या फॉस्फेट द्रावणात तीन तास हलवितात. अर्कात डायफिनाइलकार्बाझाइड घातले की षट्संयुजी क्रोमियममुळे जांभळट रंग येतो व त्याची तीव्रता मोजतात. रीत सोपी आणि सुबक आहे.

आता उणिवा. रंगविलेल्या चामड्याचा रंगही अर्कात उतरतो आणि मोजणीत घोटाळा करतो. ही अडचण ओळखूनच आयन क्रोमॅटोग्राफीची पर्यायी पद्धत पुढे आली. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. निष्कर्ष असतो तो त्या दिवसापुरता. उष्णता, अतिनील किरण, कोरडी हवा आणि चामडे मऊ करण्यासाठी वापरलेली काही असंतृप्त तेले यांमुळे नंतरही ऑक्सिडीकरण होऊ शकते. आज उत्तीर्ण झालेला जोड दुकानाच्या काचेमागे काही महिन्यांनी नापास होऊ शकेल. नमुना आधी तापवून मग तपासण्याची सोय आहे. पण ती वापरली होती का, हे दाखल्यावरून ग्राहकाला कसे कळावे?

तिसरी गोष्ट चाचणीच्या कक्षेबाहेरच राहते. ती घालणाऱ्याच्या पायाची काळजी घेते, कमावणाऱ्याच्या गावाची नाही. रूढ पद्धतीत क्रोमियमचा बराच भाग कातड्यात न मुरता सांडपाण्यात जातो. तमिळनाडूतील चर्मोद्योगाने पालार नदीची व भूजलाची केलेली दुर्दशा सर्वोच्च न्यायालयापुढे आली, आणि १९९६ च्या निकालात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व न्यायालयाने देशाच्या कायद्याचा भाग मानले. त्या खोऱ्यातून निघालेला निर्दोष बूट पालारबद्दल काहीच सांगत नाही.

तेव्हा चाचणी टाकाऊ नाही. तिच्याकडून तिने न दिलेले उत्तर घेणे चूक आहे. वर्गात असा एखादा दाखला आणून विद्यार्थ्यांना तीनच प्रश्न विचारावेत: काय मोजले? केव्हा मोजले? आणि कोणासाठी मोजले? रसायनशास्त्राचा एक चांगला तास त्यात सहज होईल.