कोटेशन-वाङ्मयातील आवृत्तीविचार

कथा, कादंबरी, नाटक, झालेच तर लावणी. मराठी समीक्षकांनी काही म्हणून सोडले नाही. एक कोटेशन तेवढे राहून गेले. वास्तविक पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत याच वाङ्मयाचे पीक सर्वांत जोमदार. एम.आय.डी.सी.तल्या प्रत्येक शेडमध्ये कुणीतरी कुणाला तरी कोटेशन देत असतो आणि कर्जाच्या अर्जाला टाचून ते शेवटी आमच्या बँकेत माझ्या टेबलावर येते. गेली वीस वर्षे मी पगार घेऊन हे वाङ्मय वाचतो आहे. एवढा नेमाचा वाचक कादंबरीकारालाही मिळत नसेल!

प्रस्तुत कृती ऑफिसच्या फोनयंत्रणेची आहे. आमचे एक खातेदार चाकणला जॉबवर्क करतात. ऑफिस, स्टोअर, शॉप फ्लोअर आणि गेट मिळून त्यांना चोवीस फोन हवेत. कोटेशन बावीस पानी.

कृती तीन खंडांत आहे : बेसिक, प्रोफेशनल आणि एंटरप्राइज. गंमत अशी की तिन्ही खंडांत पेटी एकच. फरक लायसन्सच्या किल्लीचा. जादा पैसे भरले की त्याच पेटीतली आणखी दालने उघडतात. म्हणजे वाडा तुमच्या पैशाने बांधायचा आणि माजघरात जायचे भाडे निराळे! ‘बेसिक’चे वर्णन अशा सुरात केले आहे की वाचणाऱ्याला आपल्या गरिबीची लाज वाटावी. ‘एंटरप्राइज’मध्ये एकमेकांची तोंडे पाहत बोलण्याची सोय आहे. आता, गेटवरच्या वॉचमनमामांना दिवसभरात ‘मामा, टेम्पो आत सोडा’ एवढेच ऐकायचे असते. टेम्पो सोडणाऱ्याचे तोंड पाहून कुणाचे काय भले होणार?

पण कृतीचा खरा नायक म्हणजे सॉफ्टवेअरचे व्हर्शन. ‘लेटेस्ट’ हे त्याचे एकमेव विशेषण, आणि ते अकरा वेळा आले आहे. मी बी.कॉम. आहे, आकड्यांना मान देतो. पण व्हर्शनचा आकडा हा आकडाच नव्हे. ‘अ‍ॅस्टरिस्क’चे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सर या तरुणाने १९९९ साली, फोनयंत्रणा विकत घेणे परवडेना म्हणून, हे सॉफ्टवेअर स्वतःच लिहिले आणि जगाला फुकट खुले केले. आज अनेक पेट्यांच्या पोटात तेच असते. वर रंग आणि नाव विक्रेत्याचे. त्याची १.८ ही आवृत्ती २०१० साली आली. पुढची १.१० व्हायची, तर पहिला एक दशांशचिन्हासकट गाळून ती २०११ साली थेट १० झाली. आमच्याकडे कुणी दशांशचिन्ह गाळले तर चौकशी बसते!

आकड्यापेक्षा मुदत वाचावी, आणि नेमके तेच पान या बावीस पानांत नाही. याच अ‍ॅस्टरिस्कची २१वी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि तिची मुदत दोनच वर्षांची होती. २०२४ साली आलेल्या २२वीला मात्र पाच वर्षे आहेत : चार पूर्ण देखभालीची, पाचवे फक्त सुरक्षादुरुस्तीचे. अहो, ही तर मुदत ठेवीची पावती! मुदत संपली की नव्याने सापडलेली भोके बुजवायला कुणी येत नाही. मग रात्री कारखाना बंद असताना भलताच कुणी त्या भोकातून परदेशी फोन लावत बसतो आणि बिल येते खातेदाराच्या नावावर. कर्जाचे हप्ते पाच वर्षांचे आणि यंत्रणेची मुदत दोन वर्षांची, म्हणजे म्हैस मेल्यावर तीन वर्षे तिचे हप्ते फेडायचे. ‘जुने तेच सोने’ म्हणणाऱ्यांनीही पावतीवरची तारीख आधी पाहावी.

विजेबद्दलही कृती मौन पाळते. जुना साधा फोन एक्स्चेंजकडूनच तारेतून वीज घेई, त्यामुळे अंधारातही बोले. हे नवे फोन यू.पी.एस. नसेल तर दिव्यांबरोबर झोपतात. प्रेसवर कुणाचे बोट गेले आणि १०८ ला फोन लावायचा झाला, तर एंटरप्राइज काय नि बेसिक काय! मोबाइल आहेत की, असे म्हणाल. पुष्कळ कारखान्यांत ते गेटवरच जमा करून घेतात. १९८४ साली निघालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी छोटे एक्स्चेंज बनवले ते वातानुकूलनाशिवाय, उन्हाधुळीत चालावे असे. १९८६ साली ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. लेखकाने वाचकाचे घर पाहून लिहिले होते. आमच्या कृतीच्या लेखकाने चाकणची धूळ पाहिलेली दिसत नाही.

तेव्हा फाइलवर मी तीन शेरे मारून ती साहेबांकडे पाठवली : आवृत्तीची मुदत केव्हा संपते, पुढची आवृत्ती कुणाच्या खर्चाने, आणि वीज गेल्यावर गेटचा फोन किती तास चालेल. आठवड्याने विक्रेत्याचे उत्तर आले, ‘सपोर्ट लाइफटाइम आहे.’

कुणाच्या लाइफटाइमचा, अशी चौथी पृच्छा कालच रवाना केली आहे.