अंक, अर्थ आणि संदर्भ : मिडी-नियंत्रकाच्या योजनेची एक चिकित्सा

सिंथेसायझरला नॉबांची पेटी जोडली म्हणजे नाद प्रत्यक्ष हाताशी आला, असा समज वादकांत सामान्यतः आढळतो. हा समज अर्धाच खरा आहे. नॉब फिरविला असता तारेतून जे वाहते तो नाद नव्हे, व नादाचा गुणधर्मही नव्हे; तो केवळ एक अंकसमूह असतो. या अंकांना अर्थ कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न जितका संगीताचा तितकाच भाषाशास्त्राचाही आहे.

१९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिडी १.०’ या संकेताने वेगवेगळ्या निर्मात्यांच्या वाद्यांना परस्परांशी बोलण्याची सोय करून दिली. त्यातील सामान्य नियंत्रण-संदेश तीन बाइटांचा असतो. पहिल्या बाइटात संदेशाचा प्रकार व चॅनेल, दुसऱ्यात नियंत्रकाचा क्रमांक आणि तिसऱ्यात त्याचे मूल्य. क्रमांक काय आणि मूल्य काय, दोहोंची मर्यादा ० ते १२७ अशीच आहे. क्रमांक ७ म्हणजे नादाचा लहानमोठेपणा, क्रमांक ६४ म्हणजे स्वर लांबविणारे पेडल, एवढे सर्वमान्य आहे. परंतु नादाच्या जातीकडे वळताच ही निश्चिती विरळ होते. ७४ या क्रमांकास ‘उजळपणा’ असे नाव आहे खरे, पण कोणत्या वाद्यात त्याने नेमके काय बदलावे हे त्या नावावरून ठरत नाही. २० ते ३१ व १०२ ते ११९ हे क्रमांक तर संकेताने मोकळेच सोडले आहेत.

चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे सोस्यूरनंतर नव्याने सांगण्याची गरज नाही. तेव्हा यादृच्छिकता हा मिडीचा दोष मानता येत नाही. उणीव आहे ती रूढीची. आपल्याकडील शास्त्रकारांनी रूढ शब्द व पारिभाषिक शब्द असा जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडतो. रूढ शब्दाचा अर्थ समाज सांभाळतो. पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्या त्या ग्रंथातील परिभाषेवाचून कळत नाही. मिडीतील बहुतेक नियंत्रण-क्रमांक या दुसऱ्या वर्गात मोडतात.

याचे एक बोलके उदाहरण अखंड फिरणाऱ्या नॉबांचे आहे. असा नॉब आपले स्थान न कळविता केवळ ‘किती वाढले, किती घटले’ एवढेच कळवितो. हे कळविण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. ६५ हे मूल्य एका पद्धतीत ‘एकाने वाढव’, दुसरीत ‘एकाने घटव’ व तिसरीत ‘६३ ने घटव’ अशा अर्थाचे ठरते. पाठविणारा एका पद्धतीने बोलला व ऐकणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने अर्थ घेतला, तर संदेश निर्दोष पोहोचूनही अनर्थ होतो.

१९८३ सालच्याच यामाहा डीएक्स७ या वाद्यात ही समस्या अधिक खोल जाते. जॉन चाउनिंग यांनी १९७३ साली लेखरूपाने मांडलेल्या फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनच्या तत्त्वावर ते आधारलेले आहे. त्याच्या एका ध्वनीची घडण १५५ घटकांनी सांगितली जाते. त्यांपैकी १० ही केवळ नावाची अक्षरे होत. एवढ्या घटकांच्या संपादनासाठी वाद्यावर मूल्ये बदलणारी एकच सरकपट्टी होती. म्हणूनच बाहेरून नॉब जोडण्याची निकड निर्माण झाली. दुसऱ्या ऑपरेटरची पातळी बदलावयाची तर पहिल्या चॅनेलवर २४०, ६७, १६, ०, १००, मूल्य, २४७ असा सात बाइटांचा संदेश नॉबास नेमून द्यावा लागतो. मूल्याची मर्यादाही ९९ वर बांधावी लागते, कारण त्या घटकास त्यापुढे मूल्यच नाही.

येथवरचे काम कोशकाराचे. परंतु हाच नॉब पाचव्या अल्गोरिदममध्ये फिरविला तर नादाची जात बदलते, आणि बत्तिसाव्यात फिरविला तर त्या ऑपरेटरचा आवाज केवळ कमीअधिक होतो. कारण उघड आहे: पाचव्यात दुसरा ऑपरेटर पहिल्याला प्रभावित करतो, बत्तिसाव्यात सहाही ऑपरेटर स्वतंत्रपणे ऐकू येतात. संदेश तोच, क्रमांक तोच, अर्थ मात्र रचनेने ठरतो. शब्दाचा अर्थ वाक्यातील स्थानावर अवलंबून असावा, तसाच हा प्रकार आहे. म्हणून नॉबावर ‘उजळपणा’ अशी चिठ्ठी डकविणारी योजना एका ध्वनीपुरती सत्य व दुसऱ्याच्या बाबतीत दिशाभूल करणारी ठरते.

२०२० साली स्वीकारल्या गेलेल्या मिडी २.० ने नियंत्रणाच्या मूल्यांना ३२ बिटांची सूक्ष्मता दिली, व उपकरणांनी आपल्या गुणधर्मांची माहिती परस्परांस देण्याची सोयही केली. यामुळे कोशाचे काम सुकर होईल यात शंका नाही. परंतु घटकाचे नाव कळणे व त्या घटकाचे त्या ध्वनीतील कार्य कळणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीने दुसरी सिद्ध होत नाही. शिवाय जुन्या वाद्यांची भाषा नव्या संकेताने बदलत नाही.

तेव्हा नियंत्रकाची योजना म्हणजे निव्वळ तांत्रिक जुळणी नव्हे, ते एक अर्थनिर्णयन आहे. १४५ ध्वनिघटकांतून कोणते मोजके हाताशी ठेवावयाचे, त्यांची मर्यादा कोठे बांधावयाची आणि ते कोणत्या रचनेसाठी, या निवडीत योजकाचे नादाविषयीचे मत व्यक्त होत असते. त्या निवडीची परीक्षा नॉबांच्या संख्येवरून न करता ध्वनीच्या रचनेशी ती किती सुसंगत आहे यावरून करावयास हवी. यातून संग्राहकांवरही एक जबाबदारी येते. मिडी-संदेशांच्या रूपाने जतन केलेल्या रचनेसोबत तिचा ध्वनी व नियंत्रणाचा तक्ता जतन झाला नाही, तर उद्याच्या अभ्यासकापुढे लिपी वाचता येते पण भाषा कळत नाही अशा शिलालेखासारखी सामग्री उरेल. अंक सर्व शाबूत असतील. वादकाने नॉब फिरवून काय म्हटले होते, तेवढेच हरवलेले असेल.