कुजतं ते उचलतं कोण?

शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकानं वस्तुचित्र काढलेलं असतं. टेबलावर कापड, कापडावर तांब्या, शेजारी दोन वांगी. वस्तू हलत नाहीत, बोलत नाहीत, काढ बाबा निवांत. ह्याच प्रकाराला युरोपात मोठी परंपरा आहे. सतराव्या शतकात हॉलंडच्या चित्रकारांनी त्यात कवटी, विझत आलेली मेणबत्ती, घड्याळ, अर्धं सोललेलं लिंबू, डाग पडलेलं फळ आणून ठेवलं. व्हॅनिटास म्हणतात त्या चित्रांना. अर्थ असा की सगळं फोल आहे, सगळं जाणार आहे, श्रीमंता, तूही जाणार आहेस. आणि ही चित्रं विकत कोण घेत होतं? ज्यांच्याकडे पैसा होता तेच. मसाल्यावर, गुलामांच्या व्यापारावर ज्या देशाची तिजोरी भरली, त्या देशातला सुखवस्तू माणूस भिंतीवर मरण टांगून जेवायला बसत होता.

फोटोग्राफी आली आणि तिनं हा वारसा जसाच्या तसा उचलला. कॅमेरा क्षण धरून ठेवतो, वस्तू कुजत जाते. त्यामुळं काळ आणि नाश दाखवायला स्थिरचित्रासारखं साधन नाही, असं कलासमीक्षक सांगत आले. सांगू देत. आपलं भांडण त्यांच्या एका गृहीतकाशी आहे. काळ सगळ्यांना सारखाच कुजवतो, हे ते गृहीतक. दोस्तांनो, हे साफ खोटं आहे. कुजणं ही काळाची करणी खरी, पण कुजलेलं उचलायचं कुणी हे काळ ठरवत नाही. ते गाव ठरवतं, नगरपालिका ठरवते, मनू ठरवतो. ज्या फोटोत वस्तू कुजताना दिसते आणि ती उचलणारा हात दिसत नाही, त्या फोटोत अर्धाच काळ आलेला असतो.

सुरुवातीपासूनच बघा. कागदी निगेटिव्हवरून फोटो छापायची रीत काढणारा इंग्रज म्हणजे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट. १८४४ ते १८४६ ह्या काळात त्यानं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे फोटो चिकटवलेलं पुस्तक भागाभागानं काढलं. त्यातलं सहावं चित्र ‘द ओपन डोअर’, म्हणजे उघडं दार. दगडी इमारत, अंधाऱ्या खोलीचं उघडं दार, बाजूला कंदील लटकलेला, आणि दाराशी तिरका टेकवून ठेवलेला झाडू. झाडूची सावली दाराच्या तिरकसपणाशी बरोबर जुळवलेली. डच चित्रकारांनी साध्यासुध्या वस्तू रंगवल्या, तेव्हा आम्हीही कॅमेऱ्यानं त्या टिपाव्यात, असं टॅल्बट स्वतःच तिथं सांगतो. ही जागा लेकॉक ॲबी ह्या त्याच्या स्वतःच्या इस्टेटीवरची. मालकानं आपल्याच वाड्यातला झाडू उभा केला आणि फोटो काढला. ह्याच मांडणीचा फोटो त्यानं आधीही काढला होता, त्याला त्याच्या आईनं नाव दिलं ‘झाडूचं स्वगत’.

झाडूचं स्वगत! म्हणजे झाडू बोलतो. झाडणारा बोलत नाही.

फोटो सुंदर आहे, ह्यात वाद नाही. कोवळा प्रकाश आहे, फराट्याची काडी न् काडी दिसते. पण आपल्या माणसाच्या डोळ्यासमोर हा फोटो धरा. त्याला पहिल्यांदा प्रकाश दिसणार नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू बांधलेला असे, पावलानं विटाळलेली धूळ मागच्या मागं झाडली जावी म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे लिहून ठेवलंय. आपल्याकडचा झाडू दाराला टेकत नाही, माणसाला बांधलेला असतो. तो वस्तू म्हणून सुटा करून बघायची चैन आपल्याला कुणी दिली नाही.

टॅल्बटला उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये गॉर्डन पार्क्स ह्या काळ्या फोटोग्राफरनं एला वॉटसन नावाच्या बाईचा फोटो काढला. सरकारी कचेरी झाडणारी बाई. मागं अमेरिकेचा झेंडा, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप, आणि मधोमध ती, सरळ कॅमेऱ्याकडं बघत. कुणी म्हणेल, हे स्थिरचित्र नव्हे, हे व्यक्तिचित्र झालं. हेच तर म्हणायचंय. झाडू खरा दाखवायला गेलं की स्थिरचित्र मोडतं.

आता ज्याचं नाव ह्या प्रांतात फार मोठं, त्या आयर्व्हिंग पेनकडं येऊ. पेन ‘व्होग’ ह्या फॅशनच्या मासिकाचा फोटोग्राफर. १९७२ साली त्यानं सिगारेटच्या थोटकांचे फोटो काढले. रस्त्यावर पडलेली, पायाखाली चिरडलेली, पावसात भिजून फुगलेली थोटकं. ती स्टुडिओत आणून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून, मोठ्ठी करून प्लॅटिनमवर छापली. १९७५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं ती भिंतीवर लावली. पुढं रस्त्यावरचा बाकीचा कचराही त्यानं असाच टिपला.

पेनला नुसत्या शिव्या घालून भागणार नाही. त्याच्या हातात कसब आहे. फाटलेला कागद, बाहेर आलेली तंबाखू, ओठाचा ओलावा ह्यांच्यात तो शहराचं थकलेलं शरीर पाहतो. दोन थोटकं शेजारी उभी राहिली की म्हाताऱ्या नवराबायकोसारखी दिसतात. पण छपाईची निवड बघा. चांदीच्या नेहमीच्या फोटोत प्रतिमा जिलेटिनच्या थरात बसते. प्लॅटिनमच्या छपाईत ती सरळ कागदाच्या तंतूत बसते आणि प्लॅटिनम हवेनं खराब होत नाही. म्हणजे जगातली सगळ्यात फालतू वस्तू, सगळ्यात टिकाऊ धातूत. फेकलेल्या गोष्टीला राजाचा मान. कल्पना चांगली. फक्त मान थोटकाला मिळाला, ज्याच्या झाडूखालनं ते थोटूक रोज जातं त्याला नाही.

आणि शहर कुठलं? न्यूयॉर्क. तिथंच फेब्रुवारी १९६८ मध्ये सफाई कामगारांनी नऊ दिवस संप केला आणि कचऱ्याचे ढीग फुटपाथवर चढले. त्याच महिन्यात मेम्फिसला एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले, तिथला संप पेटला, आणि त्या संपासाठी मेम्फिसला गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंगला ४ एप्रिलला गोळी घातली. ह्यानंतर चारच वर्षांनी पेननं थोटकं उचलली. इतक्या जवळ येऊनही त्याला त्या थोटकात काळ दिसला, कामगार दिसला नाही.

जिलेटिनचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण फोटोच्या क्लासात हे कुणी सांगत नाही. जिलेटिन म्हणजे आपला सरसच, शुद्ध केलेला. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला. १८७१ नंतर कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली, कागद आला. सगळ्यावर हाच थर. विसाव्या शतकातले बहुतेक काळे-पांढरे फोटो मेलेल्या जनावराच्या थरात उमटलेले आहेत. गावाबाहेर मेलेलं ढोर ओढून नेणाऱ्याला विटाळ, आणि त्याच हाडाच्या सरसावर उमटलेली देवाची तसबीर देव्हाऱ्यात. म्हणून तर पावसाळ्यात भिंतीवरच्या फोटोंना बुरशी धरते. ती सरस खाते. आजोबाचा एकुलता एक फोटो झोपडीत ओल लागून गेला, असं आपल्यापैकी किती घरांत झालंय! काळ सारखा म्हणणाऱ्यांनी पत्र्याखालचा फोटो आणि एअरकंडिशन म्युझियममधला फोटो शेजारी ठेवून बघावा.

२००१ साली सॅम टेलर-वुड ह्या इंग्रज बाईनं ‘स्टिल लाइफ’ नावाची चार मिनिटांच्या आतली फिल्म केली. परडीत फळं. कित्येक दिवसांचं कुजणं मिनिटांत दाखवलंय. फळांवर पांढरी लव येते, ती बसत जातात, शेवटी काळपट चिखल उरतो. शेजारी एक स्वस्तातलं प्लास्टिकचं बॉलपेन पडलेलं आहे. ते तसंच राहतं. सगळी फिल्म मला त्या पेनात दिसते. काय कुजतं आणि काय कुजत नाही हे तिनं एका फ्रेममध्ये ठेवलं. पुढच्या वर्षी तिनं मेलेल्या सशावर अशीच फिल्म केली. ती बघताना मात्र माणूस बसल्या जागी हलतो, कारण वास येत नाही. मेलेलं जनावर ज्यानं उचललंय त्याला विचारा, कुजण्यात डोळ्याचा वाटा किती आणि नाकाचा किती. वास वजा करूनच नाश सुंदर होतो.

आणि मग २०१६ चं गुजरात. ११ जुलैला उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गोरक्षकांनी मारलं, उघडं करून, गाडीला बांधून उन्यात आणलं. व्हिडिओ त्यांनीच काढला, त्यांनीच फिरवला. कॅमेरा त्यांच्या हातात होता. उत्तर आठवड्याभरात आलं. सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली जनावरं गाड्यांत भरून आणली आणि कलेक्टर कचेरीसमोर टाकली. तुमची आई आहे ना, तुम्हीच उचला. १५ ऑगस्टला उन्यात हजारो लोकांनी शपथ घेतली, यापुढं हे काम करणार नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं बजावलं होतं, त्याची ही पुढली पायरी.

कलेक्टर कचेरीसमोर पडलेल्या त्या जनावरांचे फोटो वर्तमानपत्रांत आले. त्यात काळ आहे, नाश आहे, आणि डच चित्रकाराला सुचली नसती अशी मांडणी आहे. इथं उचलणारा हात फोटोत नाही, पण तो विसरलेला नाही, तो मागं घेतलेला आहे. प्रत्येक तासाला वास वाढत जातो आणि प्रत्येक तासाला साहेबांना कळत जातं की इतकी शतकं गाव स्वच्छ राहिलं ते कुणामुळं. ह्या फोटोंना गॅलरीत कुणी स्थिरचित्र म्हणणार नाही. मी म्हणतो. पेनच्या थोटकांच्या वर ठेवतो.

मग प्रस्थापितांच्या परंपरेत घेण्यासारखं काहीच नाही का? आहे. वॉकर इव्हान्स घ्या. १९३६ च्या उन्हाळ्यात, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आलं त्याच वर्षी, तो अमेरिकेतल्या अलाबामात कापूस पिकवणाऱ्या कुळांच्या घरी राहिला. फ्लॉइड बरोज ह्या अर्धेलीनं शेत कसणाऱ्या माणसाचे बूट त्यानं मातीवर ठेवलेले टिपले. नुसते बूट. चामड्याला घड्या, टाचा झिजलेल्या, माती मुरलेली. इथं झीज काळानं केलेली नाही, कामानं केलेली आहे. तास मोजता येतात. ज्यानं चामडं हाताळलंय त्याला त्या घडीवरून चालणाऱ्याचा पाय कसा पडतो तेही सांगता येईल. पण इव्हान्सलाही मोकळं सोडू नका. जेम्स एजीच्या मजकुराबरोबर हे फोटो १९४१ साली पुस्तकात आले, त्यातली तिन्ही कुटुंबं गोरी. त्याच अलाबामात त्याच कापसात राबणारी काळी कुळं त्या पुस्तकाच्या कडेला राहिली.

जपानचा शोमेई तोमात्सू आणखी पुढं जातो. १९६१ साली नागासाकीत त्यानं जमिनीखालून निघालेलं एक मनगटी घड्याळ टिपलं. काटे ११ वाजून २ मिनिटांवर. तारीख ९ ऑगस्ट १९४५. डच चित्रातलं घड्याळ सगळ्यांची वेळ भरणार म्हणतं. ह्या घड्याळात ठरावीक माणसांची, ठरावीक तारखेला, दुसऱ्या माणसांनी टाकलेल्या बॉम्बनं वेळ भरली. काळाला तारीख लावली की फोल बिल फोल काही उरत नाही, उरतो तो गुन्हा.

इथं एक शंका कार्यकर्ते नेहमी काढतात. आपण बौद्ध, आपणच अनित्यता मानतो, मग सगळं जाणार म्हणणाऱ्या व्हॅनिटासशी भांडण कशाला? भांडण आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ १९५७ साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्व संस्कार अनित्य आहेत हे मानणं म्हणजे धम्म, असं बाबासाहेब मांडतात, आणि लगेच सांगतात की वस्तू अनित्य आहेत म्हणूनच दुसरं काही घडणं शक्य होतं. व्हॅनिटास म्हणतं, सगळं जाणार, तेव्हा गप्प बैस. धम्म म्हणतो, सगळं बदलतं, तेव्हा हेही बदलेल. फळ कुजणार हे तर पोरही सांगेल. टेलर-वुडच्या पेनासारखी जी जात परडीशेजारी तशीच पडून आहे, तिच्यावर कॅमेरा रोखायचा आहे.

आज आपल्या पोरांच्या हातात कॅमेरे आलेत, मोबाईल आलेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं, २०१६ साली पद्मश्री मिळाली, तरी आपली पोरं वस्तीत गेली की अजून तुटकी चप्पल, गंजका पत्रा, गटारातलं फूल ह्यांचेच फोटो काढतात. सोनेरी प्रकाश पाडून. च्यायला, आपलंच दारिद्र्य आपणच मखरात बसवायचं? चप्पल काढा, पण ती कुणाची, कुठल्या कामावर झिजली, किती रोजावर, ते खाली लिहा. माणसाला विचारून लिहा.

नागपूरजवळ चिचोलीला, दीक्षा समारंभाचे संयोजक वामनराव गोडबोले यांनी उभारलेल्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आहेत, टाइपरायटर आहे. कापड म्हटलं की कसर आली, दमट हवा आली. त्या कोटाचा एक फोटो मला बघायचाय. हार नको, समई नको, मागं निळा पडदा नको. कोट टेबलावर पसरलेला, टेकून लिहिताना झिजलेला कोपर वर केलेला, आणि शेजारी त्या दिवशी तो घडीतून काढणाऱ्या माणसाचा हात.