कांदळवनाचा हिशेब आणि गावकुसाबाहेरचा माणूस

‘मूल्य’ हा शब्द आपल्या चळवळीने समतेसाठी, माणुसकीसाठी राखून ठेवला आहे. अर्थशास्त्रज्ञ तोच शब्द रुपयांत मोजतात. म्हणून कोणी समुद्रकिनाऱ्याचे, खाडीचे, तिवरांच्या झाडांचे मूल्य काढले की आपले लिहिणारे लोक ‘हा भांडवलशाहीचा नवा बाजार’ म्हणून मोकळे होतात. मलाही हा सोपा नकार पूर्वी पुरेसा वाटे. सौदामिनी दास यांचे काम वाचल्यावर तो पुरेसा वाटेनासा झाला. मात्र त्या कामाशी माझे भांडण मिटले आहे असे नाही.

दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथ या संस्थेत काम केलेल्या दास या पर्यावरणाच्या अर्थशास्त्रज्ञ. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी तेव्हाच्या ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. सरकारी हिशेबानेच जवळजवळ दहा हजार माणसे मेली. किनाऱ्यावर कांदळवन असते तर किती वाचली असती, हा दास यांचा प्रश्न. जेफ्री व्हिन्सेंट यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. केंद्रपाडा जिल्ह्यातील ४०९ गावे त्यांनी घेतली. गाव समुद्रापासून किती दूर, पाणी किती चढले, वादळाचा मार्ग किती जवळून गेला, हे सारे मोजले. कांदळवन मुळात सुरक्षित जागीच उगवले असेल आणि म्हणून तिथली माणसे वाचली असतील, अशी शंका कोणी घेईल. तर १९४४ सालचे कांदळवनही हिशेबात घेतले. निष्कर्ष असा की गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. तो पट्टा मुळीच नसता तर किनाऱ्यापासून दहा किलोमीटरच्या आतल्या गावांत दर गावामागे सरासरी १.७२ माणसे अधिक मेली असती. सरकारी पूर्वसूचनेने कांदळवनापेक्षा जास्त जीव वाचवले, हेही त्यांनी लपवले नाही. आपल्या झाडांची बाजू मांडताना इतका प्रामाणिकपणा फार थोडे लोक दाखवतात.

पण मी त्या तक्त्यापाशी अडलो. त्यात साक्षरांचे प्रमाण आहे, शेतकऱ्यांचे आहे, शेतमजुरांचे आहे, आणि एक रकाना अनुसूचित जातींच्या प्रमाणाचा आहे. तो तिथे आहे तो बाजूला सारण्यासाठी. इतर सर्व बाबी सारख्या धरल्या तर कांदळवनाचा परिणाम किती, हे काढण्यासाठी जात ‘सारखी धरली’ आहे. (आमच्या गावांत इतर परिस्थिती शतकानुशतके कायमच होती, हे जाता जाता.) संख्याशास्त्राच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. त्या निबंधाचा विषय झाडे आहेत. माझा विषय तो रकाना आहे.

आणि रकान्याच्याही आधी ‘गाव’ आहे. १.७२ माणसे दर गावामागे. गावातल्या कोणत्या वस्तीतली? या हिशेबाचे एकक गाव आहे, आणि गाव ही एक वस्तू नाही हे दलित साहित्याने किती वेळा सांगायचे? गावकुसाच्या आत पक्के घर, उंच जोते, माळा. बाहेर कुडाची झोपडी, तीही बहुधा सखल जागी. पाणी आले की पहिल्यांदा कोणाच्या उंबऱ्यात येते? वादळाची सूचना गावाला मिळाली म्हणजे ती वस्तीत पोचली का, आणि पोचली तरी ज्या इमारतीत आसरा घ्यायचा तिचे दार वस्तीला उघडे होते का? गावाच्या सरासरीतून याचे उत्तर निघत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गाव हे एकक नाकारून व्यक्ती हे एकक स्वीकारल्याचे सांगितले, तेव्हा ग्रामस्वराज्यवाले किती संतापले होते! अर्थशास्त्रात गाव अजून आपल्या जागी बसून आहे. आकडेवारी गाववारच मिळते, ही अडचण खरी. पण आकडेवारी गाववारच का मिळते, हा प्रश्न अर्थशास्त्राचा नाही काय?

किमतीचेही तसेच. कांदळवन राखायचे म्हणजे त्या जमिनीवर शेती करण्याचा लाभ सोडायचा. तो त्याग जमिनीच्या बाजारभावाने मोजला आहे, आणि वाचलेल्या एका जिवामागे तो सरासरी १ कोटी १७ लाख रुपये येतो. उरलेले कांदळवन राखणे एवढ्यावरही परवडते, असे लेखक म्हणतात, आणि मला त्याचा आनंद आहे. पण या मापात जमीनवाल्याच्या त्यागाला दर आहे. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याचा त्याग कोणत्या भावाने मोजणार? कुंपण पडल्यावर खाडीतल्या चिंबोऱ्या, कालवे, जळण गमावणारी बाई या बेरजेत येतच नाही. हे ओरिसापुरते नाही. कांदळवनाचा नाश हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. निकाल चांगलाच आहे. त्या कलमातला जगण्याचा हक्क खाडीवर पोट भरणाऱ्या बाईचाही आहे, एवढेच मला त्याला जोडायचे आहे.

एक खर्च तर कोणत्याच तक्त्यात नाही. ओरिसाच्या वादळानंतर हजारो जनावरे कुजत पडली होती. ती उचलायला दिल्लीहून दलित सफाई कामगार आणले गेले, अशी नोंद ह्यूमन राइट्स वॉचच्या २००१ च्या जातिभेदावरील अहवालात आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमला प्रेते उचलायलाही बाहेरच्या नगरपालिकांतून आपलेच लोक आणले गेले. माझ्या आजोबांच्या पिढीने महाडनंतर मेलेले ढोर ओढणे सोडले. पाऊणशे वर्षांनी वादळाने ते काम पुन्हा आपल्याच माणसांच्या अंगावर टाकले. बाकीचे लोक कोणत्याही मजुरीवर जे काम करत नाहीत, त्याचा बाजारभाव निघत नसतो. तो जात ठरवते, आणि फार स्वस्त ठरवते. वादळाने झालेल्या नुकसानीत घरे मोजली जातात, गुरे मोजली जातात. ती गुरे ज्यांनी ओढली त्यांच्या हातांचा, त्यांच्या झोपेचा, त्यांना झालेल्या रोगांचा हिशेब नाही.

दास यांच्यासारख्या अभ्यासकांनी आकडे इतक्या काळजीने जमवले आहेत, म्हणूनच त्यांच्याकडे हे मागणे आहे. अप्रामाणिक अभ्यासाकडे आपण काही मागत नाही. पुढच्या वादळानंतर गावाची यादी करताना वस्ती वेगळी लिहावी. कोण मेले, कोणत्या घरात मेले, आसऱ्याची जागा किती अंतरावर होती, दार कोणी उघडले, प्रेत कोणी उचलले. आपल्यातली जी मुलेमुली आज अर्थशास्त्र शिकत आहेत, त्यांनी हे काम दुसऱ्यांवर सोडू नये. कविता आपण पुष्कळ लिहिल्या. हा तक्ता अजून कोणी लिहिलेला नाही.