ओमानचे दार : दया की हक्क?

12 जानेवारी 1964 रोजी झांजिबारमध्ये क्रांती झाली. सुलतान जमशीद बिन अब्दुल्ला यांना देश सोडावा लागला व हजारो अरब मारले गेले. वाचलेल्यांपैकी अनेकांचे पूर्वज ओमानहून तेथे गेलेले. परंतु ओमानचे तेव्हाचे सुलतान सईद बिन तैमूर यांनी या आप्तांना दार जवळजवळ बंदच ठेवले. बिचारे कैरो, कुवेत, दुबई, ब्रिटन असे पांगले.

23 जुलै 1970 रोजी त्यांचे पुत्र काबूस गादीवर आले. त्यांनी परदेशांतील ओमानींना परत बोलावले. देशात त्या वेळी अवघ्या तीन शाळा होत्या. शिकलेल्या माणसांची मोठी निकड होती. झांजिबारचे लोक इंग्रजी जाणणारे. त्यांना सरकारी खात्यांत, शाळांत, तेल कंपनीत कामे मिळाली, नागरिकत्वही मिळाले. निर्वासितास छावणीत बसवून शिधा वाटण्यापेक्षा त्याच्या हाताला काम व नावाला देश देणे केव्हाही श्रेष्ठ. एवढ्यापुरते हे धोरण वाखाणण्याजोगे आहे, असे आम्ही मानतो.

पण या दाराला वंशाची अट होती. ज्याचे मूळ ओमानचे, त्याला वाट मोकळी. त्याच क्रांतीत घरदार गमावलेला हिंदी शेजारी या धोरणात बसत नव्हता. आत आलेल्यांनाही, अरबीपेक्षा स्वाहिली सफाईने बोलतात म्हणून, ‘झांजिबारी’ हे नाव चिकटलेच.

हे दुःख आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. त्याच 1964 च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेमात धरणे धरून बसले होते. इस्राएलचे दार आपणांस उघडेच होते. पण लग्नाची वेळ आली की रब्बी मंडळाच्या आदेशानुसार आपली वंशावळ तपासली जाई. ऑगस्टअखेर तो आदेश बदलावा लागला. आपणांस निदान दाद मागण्यास जागा तरी होती.

झांजिबारच्या लोकांना ती नव्हती. निर्वासितांविषयीचा 1951 चा आंतरराष्ट्रीय करार ओमानने आजही स्वीकारलेला नाही. बापाच्या मर्जीने दार लागले, मुलाच्या मर्जीने उघडले. खुद्द जमशीद यांना ओमानमध्ये राहण्याची परवानगी 2020 साली मिळाली, क्रांतीनंतर 56 वर्षांनी! काबूस यांच्या औदार्याचे ऋण ती कुटुंबे मानतात, आणि मानावेच. तरी आमचे मत असे की, जो आसरा मर्जीवर मिळतो तो मर्जीवर नाकारलाही जातो. आसऱ्याला कायद्याचा आधार हवा.