एहसास आणि हकीकत

मराठीत 'कंडक्टर' म्हटले की एसटीतला तिकिटे देणारा आठवतो, आणि 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणेशोत्सवातला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम. झुबिन मेहतांबद्दल लिहायचे तर 'वाद्यवृंद-संचालक' हा जड शब्द वापरावा लागतो. मुंबईत 1936 साली जन्म, वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक, अठराव्या वर्षी व्हिएन्नाला प्रयाण, पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, तेल अवीव, म्युनिक. भारतीय नागरिकत्व मात्र सोडले नाही. आपल्याकडचे लेखन बहुधा या अभिमानापाशीच थांबते. मैफिलीतून त्यांनी जे राजकारण केले, किंवा त्यांच्याकडून करवले गेले, ते तपासायला हवे.

7 सप्टेंबर 2013 रोजी श्रीनगरच्या शालिमार बागेत म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राची मैफल झाली. यजमान जर्मन दूतावास, श्रोते निमंत्रित, भोवती कडेकोट बंदोबस्त. नाव होते 'एहसास-ए-काश्मीर'. विरोध म्हणून त्याच दिवशी शहरातल्या एका बागेत नागरिकांनी दुसरा कार्यक्रम केला, 'हकीकत-ए-काश्मीर'. शोपियानमध्ये त्याच दिवशी गोळीबारात माणसे मेली.

अनुवादकाला या दोन शीर्षकांत सगळा वाद दिसतो. चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये माझ्या कानावर 'हकीकत' पडते ती वास्तव या अर्थाने. मराठीत तोच शब्द फारसीतून आला, पण बखरींतून आणि कोर्टकचेऱ्यांतून फिरून त्याचा अर्थ सरकला. आपल्याकडे हकीकत म्हणजे घडलेल्या गोष्टीचे कथन. ती कुणीतरी सांगायची असते, कुणीतरी ऐकून घ्यायची असते. विरोधकांची मागणी मला या मराठी अर्थानेच जास्त नेमकी वाटते. बेटहोवनला त्यांची हरकत नव्हती. आमचे आधी ऐका, एवढेच ते म्हणत होते. 'एहसास'ला मात्र सांगणारा लागत नाही. तो ज्याचा त्याला होतो, आणि घरी जाताना सोबत नेता येतो. दूतावासांना हा शब्द आवडावा यात नवल नाही.

मेहतांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. काश्मीरमध्ये वाजवण्याची त्यांची इच्छा जुनी होती, आणि पुढच्या वेळी मैदानात, सर्वांसाठी वाजवू असे ते त्या मैफिलीच्या वेळी म्हणाले. पण त्यांच्याच कारकिर्दीतली दोन उदाहरणे शालिमारला अवघड जातात. 1981 मध्ये तेल अवीवला त्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी वाग्नर वाजवायचे ठरवले. छळछावण्यांतून वाचलेली माणसे ज्या देशात राहतात, तिथे. नको असेल त्यांनी उठून जावे, असे आधी सांगितले. सभागृहातच आरडाओरडा झाला. निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद होईल. पण विरोध करणारे आत होते, त्यांचा आवाज स्वरांत मिसळला. 1994 मध्ये वेढ्यातल्या सारायेवोत, जळालेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भग्नावशेषांत त्यांनी मोझार्टचे 'रेक्विएम' सादर केले. वाजवणारे आणि समूहात गाणारे त्याच शहरातले. शोक ज्यांचा, वाद्येही त्यांचीच.

शालिमारमध्ये यातले थोडे होते, हे सांगायलाच हवे. अभय सोपोरी यांची रचना काश्मिरी वादकांनी म्युनिकच्या वादकांसोबत वाजवली. बातम्यांत तिला 'स्थानिक रंग' एवढीच जागा मिळाली, आणि टीकाकारांनीही तिच्याकडे दुर्लक्ष केले. मला ती संध्याकाळची सर्वांत धाडसी गोष्ट वाटते. युरोपीय वादकाच्या पुढ्यात प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. संतूर किंवा रबाब वाजवणाऱ्याकडे तो कान आणि सवयीतून येतो. दोघांनी एकत्र सुरुवात करायची तर कुणाच्या इशाऱ्यावर? काठी हातात असलेल्या माणसालाही तिथे क्षणभर दुसऱ्याचे ऐकून घ्यावे लागते.