बिल्ल्यावरचा आकडा नेमकं काय मोजतो?

नारायण पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलं तर उघड्या लॅपटॉपवर ब्राउझरच्या कोपऱ्यात चार-पाच एक्स्टेन्शन हमखास दिसतात. एक जाहिराती अडवणारं, एक व्याकरण तपासणारं, एक संदर्भ गोळा करणारं, आणि एखादं कशासाठी घेतलं होतं तेच आठवत नाही असं. ‘यातलं सगळ्यात सुरक्षित कुठलं?’ याला नेटवर ‘टॉप टेन’ याद्यांचं उत्तर मिळतं. त्यातल्या बऱ्याच याद्यांमध्ये तुलना अशी नसतेच. का नसते हे समजून घेणं पीएचडीच्या तयारीत असलेल्यांना उपयोगाचं आहे, कारण चूक मोजमापाची आहे.

यूब्लॉक ओरिजिन आणि प्रायव्हसी बॅजर घ्या. दोघांच्याही चिन्हावर छोटा आकडा येतो. समजा, एकाच पानावर पहिल्याने 30 दाखवले आणि दुसऱ्याने 9. पहिलं तिप्पट चांगलं? नाही. पहिलं अडवलेल्या विनंत्या मोजतं, दुसरं माग काढू शकणारी डोमेन. एकक वेगळं, म्हणजे तुलना बाद. आणखी एक गंमत बघा. एखादी स्क्रिप्ट सुरुवातीलाच अडवली, की ती पुढे ज्या दहा विनंत्या पाठवणार होती त्या जन्मालाच येत नाहीत. म्हणजे चांगलं काम करणाऱ्याचा आकडा कधीकधी कमीच दिसतो.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. यूब्लॉक ओरिजिन तयार याद्यांवर चालतं. प्रायव्हसी बॅजर 2014 मध्ये आलं ते वेगळा विचार घेऊन: तुमच्या ब्राउझिंगवरून स्वतः शिकायचं. पण प्रत्येकाचं शिकणं वेगळं, म्हणजे त्यावरूनच माणूस ओळखता येण्याचा धोका. गूगलच्या सुरक्षा चमूने तो दाखवून दिला आणि 2020 मध्ये हे स्थानिक शिकणं मूळ सेटिंगमध्ये बंद केलं गेलं. संरक्षणाचं साधनच ओळखखूण ठरू शकतं. म्हणून ‘जितकी जास्त तितकं बरं’ हा हिशोब इथे उलटा पडतो.

तिसरा मुद्दा याद्यांमध्ये सहसा नसतोच: पैसे कुठून येतात? ॲडब्लॉक प्लस 2011 पासून ‘स्वीकारार्ह’ जाहिराती जाऊ देतं आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. हे निदान उघड आहे. वेब ऑफ ट्रस्ट तर संकेतस्थळांचा भरवसा सांगणारं एक्स्टेन्शन. ते वापरकर्त्यांचा ब्राउझिंग इतिहास विकतं, हे जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने 2016 मध्ये उघड केलं. अव्हास्टवरही असाच आरोप झाला आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यांच्याकडून 1 कोटी 65 लाख डॉलर भरून घ्यायचं ठरवलं. अडवण्याची क्षमता तपासणाऱ्या कुठल्याही चाचणीत हे दिसलं नसतं.

क्रोमच्या नव्या नियमांवरची (मॅनिफेस्ट व्ही3) टीकाही थोडी तपासून घ्यावी. आता एक्स्टेन्शन नियम आधी देऊन ठेवतं आणि अडवायचं काम ब्राउझर करतो. त्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिनला क्रोममध्ये जागा राहिली नाही, तिथे त्याची लाइट आवृत्ती आहे. फायरफॉक्समध्ये मूळ अजून चालतं. ताकद कमी झाली, हे खरं. पण नुसतं अडवण्यासाठी पान वाचायची परवानगी आता लागत नाही, हेही खरं. दोन्ही बाजू न मांडणारी समीक्षा अर्धीच.

आता हे सगळं तुमच्याशी कसं जोडलेलं आहे ते सांगतो. उद्या तुम्ही मुलाखती घ्याल आणि संमतीपत्रावर ‘माहिती गोपनीय राहील’ असं लिहून सही घ्याल. मग त्या मुलाखतीचं टंकलेखन ब्राउझरमध्ये कराल. तेव्हा व्याकरणवाल्या एक्स्टेन्शनला ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी असेल, तर ते वाक्य न् वाक्य वाचू शकतं, आणि तपासणी सर्व्हरवर होत असेल तर मजकूर बाहेरही जातो. तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईंनी त्या कंपनीला संमती दिलेली नाही.

माझं मत विचाराल तर फायरफॉक्स आणि एकटं यूब्लॉक ओरिजिन पुरे. एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर शोधू नका, ते काम आता ब्राउझरच करतो. मुलाखतींसाठी वेगळं, एकही एक्स्टेन्शन नसलेलं प्रोफाइल ठेवा. आणि अभ्यासिकेच्या वायफायवर तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे एक्स्टेन्शन लपवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

पटत नसेल तर करून बघा. प्रत्येकासाठी कोरं प्रोफाइल, तीच दहा मराठी वृत्तस्थळं, तेच नेट, तीन-तीन वेळा. बिल्ल्याकडे बघू नका. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बाहेरची किती डोमेन गाठली गेली ते मोजा, आणि कुठलं पान मोडलं तेही लिहून ठेवा. आणि काय मोजायचं ते मोजायला बसण्याआधीच ठरवा.